पाळकाच्या घरातली मुलं: आधी मंडळीपासून मोकळी, मग घरापासून

मंडळीतली, म्हणजे चर्चच्या समुदायातली, माणसं दिवसभर कामावर असतात. त्यामुळे प्रार्थनासभा, घरभेटी, कमिटीच्या बैठका, लग्न ठरलेल्या जोडप्यांची तयारी हे सगळं संध्याकाळी. मुलं शाळेतून येऊन मोकळी होतात तीही संध्याकाळीच. त्यांना सुटी रविवारी, नाताळात, ईस्टरच्या आसपास. पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, मान वर करायला फुरसत नसते तीही नेमकी तेव्हाच. ‘जमेल तसा वेळ काढू’ या भरवशावर राहिलं तर मुलांना मिसरूड फुटते तरी तो वेळ निघत नाही. सेवेत राहून मुलं वाढवली आणि आता ती आपापल्या वाटेला लागली, अशा आम्हा पाळक जोडप्यांनी जे केलं ते इथे मांडतो आहोत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: पाळकाच्या मुलाला दोनदा सोडावं लागतं. एकदा मंडळीच्या हातातून आणि एकदा आपल्या. पहिलं नीट झालं नसेल तर दुसऱ्या वेळी फार ओढाताण होते.

सुरुवात आठवड्यापासून. दिवसाचे तीन भाग धरायचे: सकाळ, दुपार, संध्याकाळ. आठवड्याचे 21 होतात. त्यांतले 12, फार तर 13 सेवेला. त्याच्या वर गेलं की पुढच्या आठवड्यातून तेवढे कापायचे. सात संध्याकाळींपैकी तीन बाहेरच्या, तीन घरच्या आणि एक राखीव. मरण आणि अपघात वेळ विचारून येत नाहीत, त्यासाठी ही राखीव. ती नसली की अंत्यविधीचं सगळं घरच्या संध्याकाळीवर येऊन पडतं आणि त्याबद्दल कुणाला बोलताही येत नाही. घरची संध्याकाळ मोडलीच तर बदली वार घरातून निघण्याआधी डायरीत लिहायचा, मुलासमोर. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ या वाक्याचा अर्थ मुलांना फार लवकर कळतो. आई पाळक असेल तर हिशेब आणखी कडक ठेवावा लागतो, कारण घरचं सगळं तिनेच बघावं असं मंडळी न बोलता धरून चालते.

रविवारचा उपदेश शुक्रवारी दुपारपर्यंत लिहून व्हायला हवा. नाहीतर शनिवारी बाप घरात असतो, पण टेबलाशी डोकं धरून बसलेला, आणि बाकी सगळ्यांना ‘हळू बोला’. बाप घरात नसलेला परवडतो, असा असलेला मुलांना जड जातो. आमचा क्रम साधारण असा: मंगळवारी शास्त्रपाठ आणि आराखडा, गुरुवारी लिखाण, शुक्रवारी हात फिरवणं. शिवाय एक पूर्ण तयार उपदेश कायम बाजूला ठेवलेला. ज्या आठवड्यात दोन घरांत मरण होतं, त्या आठवड्यात तोच काढायचा. वापरल्यावर महिन्याभरात त्याच्या जागी नवा लिहायचा असतो, हे मात्र बहुतेक जण विसरतात आणि पुढच्या वेळी पुन्हा शनिवार जातो. वार्षिक रजा वर्षाच्या पहिल्याच बैठकीत तारखांसह मंजूर करून घ्यावी: ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहानंतरचे दिवस, नाताळच्या गर्दीनंतरचे दिवस आणि मुलांच्या मोठ्या सुटीतला सलग एखादा पंधरवडा. तोंडी ठरलेली रजा पहिल्याच लग्नाच्या तारखेला खर्ची पडते.

एकापेक्षा जास्त मुलं असली की ‘मुलांसाठी वेळ’ हा शब्दच फसवा ठरतो. घोळक्यात बसलेल्या मुलांपैकी बोलकं मूल बोलतं, अबोल तसंच राहतं. यावर जुना आणि चोख नमुना सुझाना वेस्ली यांचा. त्या इंग्लंडमधल्या एपवर्थ गावच्या पाळकाच्या पत्नी. त्यांना 19 मुलं झाली, त्यांतली 10 जगली. 1712 साली त्यांनी नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात संध्याकाळींची वाटणीच दिली आहे: सोमवारी मॉली, मंगळवारी हेटी, बुधवारी नॅन्सी, गुरुवारी जॅकी, शुक्रवारी पॅटी, शनिवारी चार्ल्स, आणि रविवारी एमिली व सुकी मिळून. यातला जॅकी म्हणजे पुढे मेथडिस्ट चळवळ उभी करणारे जॉन वेस्ली. मोठेपणी, ऑक्सफर्डमध्ये असताना, आईला लिहिताना त्यांना त्या गुरुवारच्या संध्याकाळीची आठवण होती. आज इतकं जमत नाही, जमायची गरजही नाही. दर मुलामागे आठवड्यातून अर्धा तास, ठरलेल्या वारी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, एवढं पुरतं. त्या अर्ध्या तासात शिकवणी घ्यायची नाही आणि पाठांतर विचारायचं नाही. पहिले काही आठवडे मूल काहीच बोलत नाही. तिथे घाबरून आपण बोलत सुटायचं नसतं.

फोनबद्दल थोडक्यात. तातडीचं म्हणजे काय ते लिहून मंडळीला सांगायचं: मरण, इस्पितळात भरती, अपघात, घरात मारहाण, कुणी जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या भाषेत बोलत असेल तर. बाकी सगळं सकाळी. घरच्या संध्याकाळी पहिला फोन कमिटीतल्या एका सदस्याकडे जातो आणि तो ठरवतो. नियम मोडतो तो बहुतेक वेळा पाळकच. रात्री दहाला आलेल्या किरकोळ निरोपाला रात्री दहालाच उत्तर दिलं की मंडळी नियम विसरते आणि उत्तर लक्षात ठेवते.

आता मंडळीपासून मोकळं करण्याचं. हे काम नव्या ठिकाणी रुजू होण्याआधी, बोलणी चालू असतानाच करायचं. नंतर तेच बोलणं तक्रारीसारखं ऐकू येतं. कमिटीपुढे चार गोष्टी स्पष्ट ठेवाव्यात. मुलं पाळकाची आहेत म्हणून संडे स्कूल, क्वायर (गायकवृंद) किंवा खुर्च्या लावण्याच्या कामावर आपोआप धरली जाणार नाहीत. मुलाबद्दल तक्रार असेल तर ती थेट आईवडिलांकडे येईल, कमिटीत किंवा अंगणात फिरणार नाही. पाळकाबद्दलची तक्रार मुलाच्या कानावर घालायची नाही, ‘बाबांना सांग जरा’ या गोड शब्दांतसुद्धा नाही. आणि पाळकगृह मंडळीचं असलं तरी यायच्या आधी फोन करायचा. किल्लीचा दुसरा जोड कुणाकडे राहील तेही ठरवून घ्यायचं. कुणी नाक मुरडलंच तर बायबलातला निर्गम 18 उघडावा. हजार, शंभर, पन्नास आणि दहांवर नायक नेमून कामाची वाटणी करावी हा मोशेचा सासरा इथ्रो याचा सल्ला प्रत्येक कमिटीला पाठ असतो. तोच अध्याय सुरू होतो तो मात्र इथ्रो मोशेची बायको सिप्पोरा हिला आणि गेर्षोम, अलियेजर या त्यांच्या दोन मुलांना घेऊन रानात मोशेकडे येतो इथून. कामाची वाटणी त्यानंतर, दुसऱ्या दिवशी.

रविवारची सकाळ जवळून पाहिली की पाळकाच्या मुलाची अडचण कळते. उपासना संपली आहे, पाळक दाराशी उभा राहून एकेकाचा हात हातात घेतो आहे. तीन वर्षांचं पोर गर्दीतून वाट काढत येतं आणि त्याच्या झग्याचा काठ धरून ओढतं. वर बाप कुणाच्या तरी गुडघेदुखीबद्दल मनापासून विचारतो आहे. त्याचा हात खाली येतो, पोराच्या डोक्यावरून एकदा फिरतो आणि पुन्हा वर जातो. असं वर्षानुवर्षं दर रविवारी. उपाय साधा आहे. आशीर्वाद झाल्याबरोबर पहिली दोन मिनिटं मुलाची, खाली वाकून, दाराशी जायच्या आधी. मंडळी थांबते, दोन मिनिटांत कुणी रागावून निघून गेल्याचं आम्हाला तरी माहीत नाही. उपासनेच्या वेळी जोडीदार एकटाच मुलं सांभाळत असतो, म्हणून पहिल्या बाकाचा हट्ट सोडावा. तिसऱ्या-चौथ्या रांगेत, कडेला, एका ठरलेल्या कुटुंबाशेजारी बसावं, म्हणजे एका मुलाला बाहेर न्यावं लागलं तर दुसऱ्याजवळ कुणीतरी असतं. पहिल्या बाकावरच्या मुलाची प्रत्येक जांभई अख्खी मंडळी मोजते.

उपदेशात मुलांचे किस्से हा आणखी एक सापळा. दहा वर्षांखालच्या मुलाचा किस्सा कधीच सांगायचा नाही, त्याने हो म्हटलं तरी. सोमवारी मित्र काय चिडवतील याचा अंदाज त्या वयात येत नाही. मोठ्या मुलाला नेमकी वाक्यं वाचून दाखवायची आणि नाही म्हणायला एक दिवस द्यायचा. कौतुकाचा किस्साही याच नियमात. आपल्या प्रामाणिकपणाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली गेलेल्या मुलाला पुढे खोटं लपवायची दुप्पट सक्ती होते.

घरची प्रार्थना दहा-बारा मिनिटांची पुरते. सहा वर्षांपर्यंत एक गोष्ट आणि एक गीत; पुढे अकरा-बारापर्यंत थोडा पाठ आणि मुलाने विचारलेला एक प्रश्न; त्यानंतर रोज एकत्र बसवण्यापेक्षा मुलाने स्वतः वाचावं आणि आठवड्यातून एकदा बोलावं. पाळक आईवडिलांची खोड अशी की पाठ वाचला की मुद्दे पाडायला लागतात. त्याहून वाईट खोड म्हणजे प्रार्थनेतून बोलणी खाऊ घालणं: ‘प्रभू, हिला खोटं न बोलायला शिकव.’ मुलीला त्यातून एवढंच कळतं की डोळे मिटून रागावण्याला प्रार्थना म्हणतात.

पाळकाच्या मुलाला बाप असतो, पण पाळक नसतो. शंका आली, पाप डाचलं, कुणाशी बोलायचं? म्हणून बारा-तेराव्या वर्षाच्या आत दुसरं एक विश्वासू प्रौढ माणूस जोडून द्यावं, शक्यतो दुसऱ्या मंडळीतलं. भेटी उघड्या जागी, आईवडिलांना ठाऊक असलेल्या, पण तिथलं बोलणं घरी परत येणार नाही अशा. जिवाला किंवा शरीराला धोका असेल तेवढा अपवाद, आणि तो मुलालाही आधी सांगितलेला. दृढीकरणाची (आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीची) किंवा बाप्तिस्म्याची तयारी दुसऱ्या पाळकाकडून करून घ्यावी आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी बापाने खोलीत बसू नये. बरोबरीची मुलं यंदा तयार झाली म्हणून पाळकाचंही मूल यंदाच, हा हिशेब टाळावा. एखादं वर्ष उशीर झाला तर मंडळी कुजबुजते. ते पाळकाने सोसायचं असतं, मुलाने नव्हे.

मंडळीतल्या भांडणांबद्दल जास्त लिहावं लागेल, कारण मुलं हातची जातात ती बहुतेक इथे. लहान मुलाला एवढंच सांगावं: बाबा दमलेत, तुझ्यामुळे नाही. दहा-तेरा वर्षांच्या मुलाला विषय सांगावा, नावं नाहीत. सोळाच्या पुढच्याला विचारलं तर खरं काय ते सांगावं, तेव्हाही नावं टाळून. जेवताना हा विषय अजिबात नको. आईवडिलांचं त्या सदस्याशी पंधरा दिवसांत बोलणं होतं, क्षमा मागितली जाते, प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) दोघं शेजारी उभे राहतात. मुलाने मात्र फक्त भांडण ऐकलेलं असतं. समेट बंद खोलीत झाला, तो त्याला दिसलाच नाही. तो पुढची दहा वर्षं त्या माणसाचा आणि हळूहळू सगळ्या मंडळीचा राग धरून बसतो. म्हणून भांडण कळलं असेल तर समेटही आवर्जून सांगायचा, तितक्याच तपशिलाने. समेट झालाच नसेल तर तेही साधेपणाने सांगावं; मुलांना अर्धवट गोड केलेली बातमी ओळखू येते.

कमिटीशी आणखी एक बोलणं शांततेच्या काळात उरकून ठेवावं. बायबलातल्या 1 तीमथ्य 3 आणि तीत 1 यांतली मंडळीच्या पुढाऱ्याने घर नीट चालवण्याची अट कुणीतरी कधीतरी पुढे आणणारच. तेव्हा प्रकरण समोर नसताना लिहून ठेवायचं: पाळकाच्या अल्पवयीन मुलाबद्दल गंभीर गोष्ट आली तर पाळक त्या बैठकीतून उठेल आणि वरिष्ठ संस्थेतला बाहेरचा माणूस ती चालवेल, प्रौढ मुलाने उपासनेला येणं सोडलं तर त्यावर कमिटीत ठराव होणार नाही. उलट बाजूही तितकीच पाळावी. आपल्या मुलांना आपणच पदं द्यायची नाहीत. बायबलातल्या शमुवेल संदेष्ट्याने योएल आणि अबीया या आपल्या मुलांना बैर-शेबात न्यायाधीश नेमलं, ती लाच खायला लागली, आणि लोकांनी राजा मागताना शमुवेलाच्या म्हातारपणाबरोबर तेच कारण दिलं.

सोडणं अठराव्या वर्षी सुरू करायचं म्हटलं तर फार उशीर होतो. निर्णय एकेक करून हातात द्यावे लागतात. आठ-नऊला उपासनेला काय घालायचं ते, मर्यादेत. अकरा-बाराला मंडळीतल्या कुठल्या एका उपक्रमात राहायचं आणि कुठल्यात नाही ते. चौदाला हातखर्चाचा हिशेब आणि त्यातलं दान किती ते. दानपेटीत काय पडलं ते विचारायचं नाही. सोळाला दुसऱ्या मंडळीच्या तरुण संघात जायची मोकळीक. घरात राहतात तोवर रविवारची एक उपासना हा घराचा नियम आम्हांपैकी बहुतेकांनी ठेवला. पण सोळा-सतरानंतर ती कुठल्या चर्चमध्ये, हे मुलावर. काही जोडप्यांना ही सूट पटली नाही आणि त्यांच्याही मुलांचं वाकडं झालेलं नाही. दिलेला निर्णय परत घेणं मात्र खरंच नुकसान करतं. मुलाने क्वायर सोडला, कमिटीत कुणीतरी भुवई उंचावली आणि बाप घरी येऊन म्हणाला, ‘या वर्षापुरतं तेवढं कर.’ त्या क्षणी मुलाला समजतं की निर्णय आपला कधीच नव्हता, मंडळीचा होता. जिवाला, शरीराला किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल तेवढ्यापुरताच दिलेला निर्णय परत घ्यावा.

सेवेत येण्याचं पाचारण हा सगळ्यात नाजूक निर्णय. इंग्लंडहून बंगालमध्ये आलेले मिशनरी विल्यम केरी यांचा थोरला मुलगा फेलिक्स 1807 मध्ये मिशनरी म्हणून ब्रह्मदेशात गेला आणि पुढे मिशन सोडून तिथल्या राजाचा राजदूत झाला. केरींना ते बढती वाटली नाही; मिशनरी आक्रसून राजदूत झाला, असा त्यांचा सूर होता. फेलिक्स अखेर बंगालमधल्या सेरामपूरला परतला, भाषांतराच्या कामाला लागला आणि 1822 मध्ये वारला. ‘तू बाबांची जागा घेणार ना?’ असं मंडळीतली प्रेमळ माणसं चार वर्षांच्या पोरालाही विचारतात. त्या प्रश्नाला तिथल्या तिथे, हसून, पण पोराला ऐकू जाईल असं उत्तर द्यावं: ‘त्याचं तो ठरवेल.’

घर सोडण्याआधीचं वर्ष कोरड्या कामांना द्यावं. स्वयंपाक, कपडे, बँकेचं खातं, आपल्या तब्येतीचे कागद, एकट्याने डॉक्टरकडे जाणं. यात पाळकाच्या घराची खास भर एकच: नव्या गावात मंडळी मुलाने स्वतः शोधायची. तीन ठिकाणी जाऊन बघायचं, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन रविवार, मग ठरवायचं. पाळकांची एकमेकांत ओळख असते आणि हात फोनकडे जातोच. तिथल्या पाळकाला ‘माझा मुलगा येतोय, लक्ष ठेवा’ म्हटलं की मूल तिथेही पहिल्या रविवारपासून पाळकाचा मुलगा होतं. ज्यातून सुटायला इतकी वर्षं गेली तेच पुन्हा गळ्यात. निरोपाच्या रविवारी मंडळीला त्याला पुढे बोलावून प्रार्थना करायची असते. आधी मुलाला विचारावं. नको म्हणाला तर ती प्रार्थना घरी चार माणसांत होते.

तो गेला की त्याच्या बातम्या त्याच्या मालकीच्या. परीक्षा, आजार, मैत्रीण, नोकरी यांतलं काय प्रार्थनाविषय म्हणून जाहीर होईल हे तो सांगेल. फोन आठवड्यातून एकदा, वार त्याने ठरवलेला. ‘चर्चला गेलास का?’ हा पहिला प्रश्न नको. तो मनात आहे हे त्याला ठाऊकच असतं.

आणि एखादा दिवस असा येतो की फोनवर मूल म्हणतं, माझा आता विश्वास राहिलेला नाही. त्या पहिल्या बोलण्यात वाद नको आणि शास्त्रवचनंही नकोत. केव्हापासून असं वाटतं ते विचारावं, सांगितलंस हे बरं केलंस म्हणावं, हे कुणाला सांगू आणि कुणाला नको ते विचारून घ्यावं. दुसऱ्या दिवशी उपदेशांच्या लिंका पाठवू नयेत. लूक 15 मध्ये मेंढपाळ मेंढरू शोधत जातो, बाई दिवा लावून नाणं शोधते; पण मुलगा दूर देशी गेल्यावर बाप मागे जात नाही. जाताना त्याचा वाटा देतो, आणि तो दूर असतानाच त्याला पाहून धावतो, म्हणजे नजर वाटेवर होती. मंडळीतल्या विचारणाऱ्यांसाठी दोघांनी मिळून एक वाक्य तयार ठेवावं आणि दोघांनी तेच बोलावं: ‘ती बरी आहे, तुम्ही विचारलंत ते तिला सांगतो.’ आई एक आणि बाप दुसरं सांगायला लागला की त्या फटीतून अफवा शिरते.

लग्नाच्या बाबतीत पूर्वतयारीच्या भेटी तरी दुसऱ्या पाळकाकडे असाव्यात. सासरा किंवा बाप समोर बसलेला असताना पैसा, शरीर आणि भांडण यांवर जोडपं मोकळं बोलत नाही. विधी कुणी लावायचा ते त्या दोघांना विचारावं.

घर रिकामं झालं की मोकळ्या झालेल्या संध्याकाळी मंडळी महिन्याच्या आत भरून टाकते. ‘आता काय, तुम्ही मोकळेच.’ त्यांतल्या दोन संध्याकाळी नवरा-बायकोच्या नावावर आधीच लिहून ठेवाव्यात, मूल जायच्या आधीच्या महिन्यात. पाळकगृह बदलीनंतर सुटणार असतं, म्हणून मुलांची प्रमाणपत्रं, फोटो, पुस्तकं एका पेटीत भरून त्यांच्या हवाली करावीत किंवा कुणा नातेवाइकाकडे ठेवावीत. सामान हलवताना पहिल्यांदा तीच हरवतात. सुटीत मूल घरी येणार असेल तर आदल्या आठवड्यात क्वायरच्या प्रमुखाला आणि तरुण संघाला सांगून ठेवावं की त्याला उपासनेत नावाने पुकारू नका, शास्त्रपाठ वाचायला उभं करू नका. गावंसं वाटलं तर तो सरावाला स्वतः येईल.